नवापूरला वाळत घातलेल्या जमिनी

जानेवारीत आम्ही दोघं पालघर-बोईसरकडे जाऊन आलो. अविनाश, म्हणजे माझा नवरा, मासे खायला गेला होता आणि मी पत्ते खेळायला गेले होते. मिरजेत हे कुणालाही सांगितलं की समोरचा डोळे बारीक करून विचारतो, "रमी?" नाही म्हटलं की तो जास्तच काळजीत पडतो.

रमी नाही. चित्रांची कार्डं असतात, त्यांचा साठ पत्त्यांचा डेक आपला आपण बांधायचा आणि समोरच्याच्या डेकशी लढवायचा. काही कार्डं जमिनीची असतात. जमिनीतून ताकद मिळते आणि त्या ताकदीवर राक्षस, ड्रॅगन, जादू वगैरे टेबलावर आणता येतात. वापरून झालेले किंवा मेलेले पत्ते एका ढिगात जातात. त्या ढिगाला ग्रेव्हयार्ड म्हणतात. आमच्या मिरजेच्या गटात मसणवटा म्हणतात.

शहाणी माणसं साठांत चोवीसेक जमिनी घालतात आणि मसणवट्याकडे बघतही नाहीत. माझ्या डेकमध्ये अडतीस जमिनी आहेत. उरलेल्या पत्त्यांचं काम एवढंच, की जमिनी मुद्दाम मसणवट्यात ढकलायच्या आणि मग तिथून ओढून पुन्हा टेबलावर आणायच्या. माझी एक जमीन टेबलावर उतरली की एक खेकडा जन्माला येतो. तीच जमीन मेली, परत आली, की आणखी एक खेकडा. अर्ध्या तासात समोरचा माणूस खेकड्यांनी वेढला जातो. अविनाश याला "उकिरडा फुंकणे" म्हणतो, आणि वर्णन म्हणून ते चुकीचं नाही.

या डेकची एकच गोची आहे. समोरच्याकडे मसणवटा साफ करणारं एक कार्ड असलं, की माझं घरदार गेलं. त्यावर उपाय म्हणून राखणदाराची कार्डं मिळतात. पण राखणदार घालायचा तर एक जमीन काढावी लागते, आणि जमीन काढायला माझा हात धजत नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गटात जुन्या, दुर्मिळ जमिनींचा एक सामाईक डबा आहे. तो भिशीसारखा फिरतो. ज्याच्याकडे डबा, त्याने वर्षभर त्यातून डेक बांधायचा. तो राष्ट्रीय फेरीला पात्र ठरला तर डबा त्याच्याकडेच राहतो, नाहीतर पुढच्याकडे जातो. माझं वर्ष संपत आलं होतं आणि बोईसरची स्पर्धा शेवटची होती. तिथे पहिला येईल तो पात्र. मी हरले तर डबा प्रसादकडे जाणार होता, आणि प्रसाद ड्रॅगन खेळतो. माझ्या त्या देखण्या जमिनींवर तो नुसते ड्रॅगन उभे करणार, एकही जमीन कधी मरणार नाही, कधी परत येणार नाही, या विचाराने मला आठवडाभर जेवण गोड लागलं नव्हतं.

पालघर

पहिला मुक्काम पालघरला एका लॉजवर. मी दोन्ही पलंगांवर पत्ते मांडून शेवटची काटछाट करत बसले होते. एकोणचाळिसावी जमीन घालावी की नाही, यावर माझं माझ्याशीच भांडण चाललं होतं. तेवढ्यात लॉजचा मॅनेजर पाण्याचा जग घेऊन आत आला आणि दारातच थांबला.

"म्याडम, हितं जुगार नाय चालत."

"अहो, जुगार असता तर मी नसतो का बसलो?" अविनाश म्हणाला.

मॅनेजरला हे पटलं. त्याने जवळ येऊन पत्ते पाहिले. "मग जिकल्यावर काय भेटतं?"

"पुढच्या स्पर्धेत खेळायला मिळतं," मी म्हटलं.

"आनि ती जिकली का?"

"त्याच्या पुढच्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग अविनाशकडे बराच वेळ पाहिलं. "भाऊ, तुमाला चहा पाटवतो," असं म्हणून तो गेला. चहा आला तो एकच कप आला, आणि तो अविनाशसाठी होता.

नवापूर

बोईसरजवळ, किनाऱ्यावरच्या नवापूरला अविनाशच्या हपिसातल्या मित्राची आत्या राहते. सगळं गाव त्यांना इंदूमावशी म्हणतं, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. घर समुद्राला लागून, आणि घराच्या पुढे अंगण नाही तर वाळवण. बांबूंच्या आडव्या दांड्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने लटकवलेले. खाली जाळ्यांवर जवळा पसरलेला, म्हणजे नखाएवढी कोलंबी, गुलाबी, चुरचुरीत, हजारोंनी. मी मटण खाणाऱ्या घरातली आहे, पण सुकी मासळी आमच्या गल्लीत कुणी भाजली तर चार घरं पलीकडे खिडक्या बंद होतात. मी रिक्षातून उतरले आणि पदर नाकाला लावला. मावशींनी पाहिलं आणि हसल्या.

"लाव, लाव. उद्याच्याला पदर आपोआप खाली येल."

दुपारी ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडे भाकरी ज्वारीची असते आणि ती थापताना बाईचा दिवसभराचा राग त्यात जातो. ही भाकरी पांढरी, मऊ, रुमालासारखी घडी होणारी. बोंबील तर चावायचाही नसतो, तो तोंडात स्वतःच विचार बदलतो. अविनाशने बोलणं बंद केलं, जे लग्नानंतर दुसऱ्यांदा घडलं. मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा माझा पदर कुठे होता ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला आम्ही होड्या बघायला गेलो. डेक माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता, कारण स्पर्धेच्या आधी मी तो घरात एकटा ठेवत नाही. किनारा खडकाळ, खडकांवर हिरवं शेवाळ. अविनाश म्हणाला, "त्या होडीजवळ उभी राहा, फोटो काढतो." मी एक पाऊल मागे गेले आणि कमरेएवढ्या डबक्यात बसले. बायको पाण्यात, साठ पत्ते पाण्यात, आणि हा वरून ओरडतोय, "अगं मोबाईल वर धर!"

कार्डांना प्लास्टिकची कव्हरं असतात, पण ती वरून उघडी असतात. आत खारं पाणी शिरलं होतं. मी मावशींच्या ओटीवर बसून एकेक कार्ड टॉवेलने टिपत होते. यातली निम्मी कार्डं माझी नव्हती, डब्यातली होती. मावशी मासळी पलटायचं सोडून आल्या.

"कागद हाय का पलास्टिक?"

"कागद."

"मंग उनात नको, वाकडं व्हईल. सावलीला, वाऱ्यावर टाक. त्या जाल्यावर आरदा जवला हाय, आरदी जागा रिकामी हाय. चालंल?"

आता इथे मी जे केलं ते फक्त पत्तेवालीच करू शकते. माणूस बुडत असला तरी आम्ही आधी पत्ते लावतो. मी जमिनी वेगळ्या केल्या, बाकीचे पत्ते वेगळे केले. सगळ्या जमिनी बाहेर जाळ्यावर, जवळ्याच्या शेजारी, एका रांगेत मांडल्या. बाकीच्यांना तिथे जागा पुरली नाही, म्हणून ते आतल्या खोलीत पंख्याखाली पलंगावर ठेवले. स्वतःच्या शिस्तीचं मला फार कौतुक वाटलं.

मावशी खाली वाकून चित्रं बघत होत्या. "ही कुटली जागा? खाडीवानी दिसते."

"खोटी आहे मावशी. दलदल."

"आनि हा डोंगर?"

"तोही खोटाच."

"यवड्या जमिनी, आनि सातबारा एकाचा पन नाय?" मावशींनी मान हलवली आणि कावळे हाकायची काठी हातात घेतली. पण वाऱ्यावर सुकत पडलेली एक दलदल तोपर्यंत एका कावळ्याने उचलली होती. तो नारळावर जाऊन बसला, तिचं एक टोक खाऊन पाहिलं, आणि ती चोचीत धरून समुद्राकडे निघून गेला. सुदैवाने ती साधी जमीन होती, डब्यातली नव्हती. मी रडकुंडीला आले, पण मसणवट्याचं आदल्या रात्री माझ्याकडून ऐकलेल्या मावशी खूश झाल्या.

"कावला शिवला! आता तुजं काम व्हनार. मसनवट्याचाच खेल हाय ना तुजा?"

संध्याकाळपर्यंत सगळे पत्ते सुकले. रात्रभर ते पाट्याखाली दाबून ठेवले आणि सकाळी इस्त्री केल्यासारखे सरळ निघाले. मी नवी कव्हरं चढवली, डेक पिसला, मावशींच्या पाया पडले. निघताना त्यांनी अविनाशच्या हातात जवळ्याची एक मोठी पिशवी दिली. तोवर माझ्या नाकाला कशाचाच वास येत नव्हता, आणि मला वाटलं की वास नाहीच.

बोईसर

स्पर्धा एका मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये होती. पुढच्या हॉलमध्ये साखरपुडा होता, त्यामुळे आमच्या पाटीखाली झेंडूच्या फुलांची कमान आली होती आणि दोन आजोबा आम्हाला शुभेच्छा देऊन गेले. खेळाडू बहुतेक कारखान्यांत काम करणारे, रात्रपाळी संपवून थेट आलेले, कुणी अणुवीज केंद्राच्या कॉलनीतले, कुणी बोरिवलीहून आलेले. अर्धं बोलणं हिंदीत. आमच्या मिरजेत स्पर्धेला माणसं जेवून येतात. इथे माणसं न झोपता येतात आणि तरी हसत असतात, याचं मला फार नवल वाटलं.

जज होते तांडेल म्हणून, दातिवऱ्याच्या कोळीवाड्यातले. चित्रकला शिकवतात. कावळ्याने नेलेल्या दलदलीबद्दल मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं आणि सुट्या पत्त्यांचा खोका पुढे केला. "एक घ्या. पाहिजे तर हा राखणदारही आहे, कुणाचा तरी राहिलाय. आजच्यापुरता वापरा."

एका जागेसाठी दोन उमेदवार. राखणदार की जमीन? माझा हात आपोआप जमिनीकडे गेला.

पहिली फेरी मी जिंकले. दुसऱ्या फेरीत समोर अभिषेक नावाचा मुलगा होता, मूळचा पाटण्याचा, एका औषधांच्या कारखान्याच्या तपासणी विभागात कामाला. दिवसभर बाटल्यांना नाक लावणं हीच त्याची नोकरी. मी डेक पिसून त्याच्यापुढे ठेवला, त्याने तो कापायला हात घातला आणि नाक वर केलं. मग वाकून डेकचा वास घेतला. मग हात वर केला.

"जज! सर, इनके लैंड से मछली की बास आ रही है।"

तांडेल सर आले. त्यांनी डेक हुंगला, पुन्हा हुंगला, आणि म्हणाले, "मला काय येत नाय."

"सर, आप तो दातिवरे के हो," अभिषेक म्हणाला. हॉल हसला.

मग त्याने डोळे मिटले आणि वरचा पत्ता नाकाशी धरला. "लैंड." जमीन निघाली. "लैंड." जमीन निघाली. "ये लैंड नहीं है।" आणि नव्हती. पाच-सहा पत्त्यांत तो एकदाही चुकला नाही. या खेळात पाठीवरून पत्ता ओळखता आला तर तो खुणेचा पत्ता ठरतो. मुद्दाम खूण केली असेल तर खेळाडू थेट बाहेर. आणि माझ्या डेकमध्ये प्रत्येक जमिनीला जवळ्याची खूण होती, कारण मी बाई शिस्तीची.

"तुम्हाला स्वतःला ओळखता येतात का?" तांडेल सरांनी विचारलं.

"मला काहीच वास येत नाहीये," मी म्हटलं. "मी दोन दिवस नवापूरला राहिलेय."

"ते तपासावं लागेल."

अशा रीतीने, चाळिशी ओलांडलेली, एका शाळेत भूगोल शिकवणारी बाई डोळ्यांवर ओढणी बांधून भर हॉलमध्ये पत्ते हुंगायला बसली. साखरपुड्याच्या बायका दारात जमल्या. एकीने विचारलं, "नवरीकडचा खेल हाय काय?" मी छाती भरून वास घेत होते आणि "जमीन... जमीन... नाही, जमीन नाही... अं... जमीन?" असं म्हणत होते. दहांपैकी तीन बरोबर आले. नाणं उडवलं असतं तर पाच आले असते. ओढणी सोडली तर समोर अविनाश उभा होता, हातात साखरपुड्यातल्या जिलब्यांची ताटली, आणि मला अंगठा दाखवत होता.

"बाईंचं नाक निर्दोष आहे," तांडेल सरांनी जाहीर केलं. "पण पत्ते असे चालणार नाहीत."

मी म्हटलं, नवी कव्हरं घालते. अभिषेक म्हणाला, वास कागदात गेलाय. मी म्हटलं, अत्तर लावते. तांडेल सर म्हणाले, मग अत्तरात जवळा येईल. हॉलमध्ये प्रत्येक जण काहीतरी सुचवायला लागला. लिंबू, कापूर, फ्रीज. माझ्या डोळ्यांपुढे प्रसादचे ड्रॅगन पंख हलवत होते.

तेव्हा अविनाशने, ज्याला आजवर माझ्या खेळातलं एक अक्षर कळलेलं नाही, जिलबी गिळली आणि विचारलं, "अहो सर, वासाला बंदी आहे की फरकाला?"

तांडेल सरांनी नियमांचं पुस्तक मोबाईलवर उघडलं. बराच वेळ वाचलं. "फरकाला," ते म्हणाले. "वासाबद्दल काय लिवलेलं नाय."

अविनाशने मावशींची पिशवी पुढे केली.

जेवणाच्या सुट्टीत माझे साठही पत्ते कव्हरं काढून जवळ्याच्या पिशवीत गेले आणि पिशवीला गाठ मारून तांडेल सर स्वतः तिच्याजवळ बसले. सुट्टी संपल्यावर अभिषेकने पुन्हा डोळे मिटून वास घेतला. पहिला पत्ता. दुसरा. पाचवा. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "सब एक जैसा है सर," तो म्हणाला. डेक मंजूर झाला. सगळा सामना त्याने नाकात कापसाचे बोळे घालून खेळला आणि हरला.

त्यानंतरची दुपार मी आयुष्यभर विसरणार नाही. बोरिवलीचा एक मुलगा सगळा वेळ मान खिडकीकडे फिरवून बसला होता. त्याला माझे खेकडे दिसले तेव्हा ते सतरा झाले होते. कॉलनीतली एक मुलगी मात्र खेळताखेळता हळूच म्हणाली, "तुमी जवला कांद्यात करता का वांग्यात?" आणि भुकेने व्याकूळ होऊन चुकीचा पत्ता खेळली. जमिनी मरत होत्या, उठत होत्या, खेकडे चालत होते. मी अंतिम फेरीत पोचले.

समोर पुन्हा अभिषेक. या स्पर्धेत एका हरण्याने कुणी बाद होत नाही, त्यामुळे एकच सामना हरून तोही वर आला होता, बोळ्यांसकट. एक डाव त्याचा, एक माझा. तिसऱ्या डावात माझ्या मसणवट्यात डझनभर जमिनी साठल्या होत्या, आणि माझ्या हातात ते कार्ड होतं, जे त्या सगळ्यांना एकदम उठवतं. फक्त माझी पाळी यायची होती. डझनभर खेकडे, आणि खेळ खलास. मी मनात डबा कपाटात कुठे ठेवायचा ते ठरवतही होते.

अभिषेकने एक पत्ता उचलला, पाहिला, आणि टेबलावर ठेवला. मसणवटा साफ.

माझ्या बारा जमिनी खेळाबाहेर गेल्या, तिथून परत येता येत नाही. हातातलं कार्ड आता रिकाम्या मैदानाला हाका मारणार होतं. दोन पाळ्यांत मी हरले.

"दीदी, एक भी राखणदार होता तो आप जीत जातीं," तो म्हणाला. अगदी चांगल्या मनाने म्हणाला. मी हात मिळवला, बाहेर आले, फुलांच्या कमानीखाली उभी राहिले आणि मला रडू आलं. खरंच आलं. एक डाव गेल्याचं नव्हतं ते. मी ज्या जमिनींना वर्षभर मारून जिवंत केलं, त्या आता परक्या घरी नुसत्या पडून राहणार होत्या, आणि ते माझ्या हावरेपणामुळे. साखरपुड्यातल्या एका बाईंनी येऊन पाठीवरून हात फिरवला. "रडू नको गं, पोरगी दिल्या घरी सुखी ऱ्हाते," त्या म्हणाल्या.

परत मिरज

रविवारी प्रसाद आला आणि डबा घेऊन गेला. मी शब्दाची पक्की आहे. त्याच संध्याकाळी तो डबा घेऊन परत आला. "आईने उंबऱ्याच्या आत घेऊ दिला नाही," तो म्हणाला. "मला आंघोळ करून ये म्हणाली." त्याच्यानंतर सायलीचा नंबर होता. तिच्याकडे डबा एक रात्र राहिला. सकाळी तिच्या मांजराने झाकण उघडलेलं होतं आणि ते एका किनाऱ्याच्या चित्रावर डोकं ठेवून झोपलं होतं. बापू म्हणाला, मी सगळं खातो, माझ्याकडे द्या. दोन दिवसांनी तोही आला. त्याच्या बायकोने सगळं घर शोधलं होतं, सुकट कुठे लपवून ठेवलंय म्हणून, आणि ते पत्ते आहेत यावर तिचा अजून विश्वास बसलेला नाही.

मग गटाची बैठक झाली, माझ्याच घरी, खिडक्या उघड्या ठेवून. ठराव एकमताने झाला. पत्त्यांचा वास पूर्ण जाईपर्यंत डबा माझ्याकडे राहील.

मी डेक पुन्हा बांधला. यावेळी एक जमीन काढली आणि राखणदार घातला. हात धजत नव्हता, पण घातला. मार्चपर्यंत सगळं छान चाललं. परवा प्रसादने डबा उघडून नाक आत घातलं आणि म्हणाला, "वास बराच कमी झालाय गं." त्याच्या चेहऱ्यावर मला ड्रॅगन दिसले.

तो गेल्यावर मी इंदूमावशींना फोन लावला.

"मावशी, थोडा जवळा पाठवाल का?"

"आता खायला लागलीस काय गो?" मावशींना फार आनंद झाला. "किती जनांसाटी पाटवू?"

"साठ," मी म्हटलं.